शेवटची फेरी आहे, एवढं तरी आधी सांगा

मनोरंजन उद्यानांचे मालक, संचालक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे उंची मोजायची एक पट्टी असते. राइडच्या रांगेच्या तोंडाशी उभी केलेली, आडवी रेघ मारलेली. डोकं रेघेला लागलं तर आत, नाही तर बाहेर. मागच्या हंगामाच्या शेवटी माझी भाची आमच्या लाडक्या लाकडी रोलर कोस्टरच्या पट्टीला पाठ लावून उभी राहिली आणि दोन बोटं कमी पडली. तिने टाचा उचलून पाहिल्या, केसांची गाठ वर ओढून पाहिली. पट्टीशेजारचे काका नेहमीचे. कित्येक वर्षं मी त्यांना त्याच जागी बघत आले आहे. त्यांनी तिच्या डोक्यावर तळहात सपाट ठेवला, उरलेलं अंतर दोन बोटांनी मोजून तिला दाखवलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी ये. पहिल्या डब्यात बसवतो."

ती वर्षभर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करत होती.

नव्या हंगामात आम्ही गेलो तेव्हा त्या जागेभोवती पत्र्याचं कुंपण होतं. फटीतून पाहिलं तर माती सपाट केलेली आणि काँक्रीटचे पाये जमिनीलगत कापलेले. लाकडाची एक फळीसुद्धा नव्हती. काका दुसऱ्या राइडवर होते. आम्हाला बघून तेच पुढे आले. "आम्हालाही कामावर आल्यावरच कळलं," एवढं बोलून ते माझ्या भाचीकडे वळले आणि म्हणाले, "मी तेव्हा खोटं बोललो नव्हतो गं." एका मोठ्या माणसाला सहा वर्षांच्या मुलीसमोर असं स्पष्टीकरण द्यावं लागलं. राइड पाडल्याचं दुःख आहेच, पण हे पत्र लिहायला बसले ते त्या एका वाक्यामुळे.

त्या उद्यानाचं नाव मी इथे घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी घडलेलं नाही. हंगाम संपतो, फाटक बंद होतं, माणसांची वर्दळ थांबते आणि मग क्रेन आत येते. पत्रक निघतं तोवर अर्धी राइड ट्रकवर चढलेली असते. पत्रकात "नव्या, रोमांचक पर्वाची सुरुवात" असते आणि जुन्या राइडच्या वाट्याला त्यात एखादं वाक्य येतं.

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या प्लेझर बीच पार्कमधली वाइल्ड माउस अशीच गेली. १९५८ मध्ये उभी राहिलेली लाकडी राइड. २०१७ चा हंगाम संपला आणि पार्क बंद असतानाच ती पाडली जात असल्याचं लोकांना समजलं. शेवटचा दिवस कोणता, हे आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ज्यांनी त्या राइडचं नावही ऐकलेलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. वाइल्ड माउसचा डबा लहानसा असतो आणि त्याचा पुढचा भाग चाकांच्या बराच पुढे आलेला असतो. त्यामुळे वळणावर आपण बसलो असतो तो भाग आधी रुळाच्या कडेबाहेर जातो. समोर नुसती मोकळी हवा. डबा आता सरळ खाली जाणार, अशी खात्री झाल्यावर चाकं वळणाशी पोचतात आणि एका हिसक्यात सगळं फिरतं. लाकडी वाइल्ड माउस तेव्हाही जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच उरल्या होत्या. त्यातली एक कमी झाली, आणि जे लोक दरवर्षी तिच्यासाठी तिथे जात होते त्यांना ते नंतर कळलं.

किंगडा का तर जगातला सर्वात उंच रोलर कोस्टर होता. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमध्ये २००५ साली सुरू झालेला, १३९ मीटर उंच, सुटल्यावर साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरचा वेग. १० नोव्हेंबर २०२४ ला हंगाम संपला. तो कायमचा बंद झाल्याची घोषणा त्यानंतर चार दिवसांनी आली. २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून तो मनोरा पाडला. १० नोव्हेंबरला जे त्यात बसले, त्यांना आपण शेवटच्या दिवशी बसलोय याची कल्पनाही नव्हती. त्याची यंत्रणा सतत बिघडायची, तो चालवणं जिकिरीचं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बंद करायची कारणं खरी असतील. पण ती कारणं १४ तारखेला खरी होती आणि १० तारखेला नव्हती, असं कसं म्हणणार?

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, नाहीतर आमच्यासारख्यांना हट्टी ठरवून पत्र बाजूला ठेवलं जातं. राइड सुरक्षित नसेल तर ती आज, या क्षणी थांबवा. त्यासाठी आम्हाला विचारू नका, निरोपाचा कार्यक्रम करू नका, रांगेत उभ्या असलेल्यांना परत पाठवा. यात आमचं आणि तुमचं दुमत नाही. राइड बनवणारी कंपनीच बुडाली, सुटे भाग मिळेनासे झाले, पोलाद थकलं, हे सगळं होतं. ॲरो डायनॅमिक्ससारखी एकेकाळी अर्ध्या जगाला कोस्टर पुरवणारी कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे कोस्टर सांभाळणाऱ्या मेकॅनिकांनी किती मेहनत घेतली असेल, याचा अंदाज आम्हाला आहे. राइड अमर नसते.

पण बंद करणं वेगळं आणि पाडणं वेगळं. तुम्ही या दोन गोष्टी एका रात्रीत उरकता, आणि आमचं भांडण आहे ते तिथे.

पेनसिल्व्हेनियात अल्टूना इथे लेकमाँट पार्कमध्ये लीप-द-डिप्स नावाचा कोस्टर आहे, १९०२ सालचा. डब्याला रुळाखालून धरून ठेवणारी चाकं असतात ना, ज्यांच्यामुळे आज कोस्टर इतके उंच आणि उलटेसुलटे होऊ शकतात, ती येण्याआधीचा. म्हणून तो कमी उंचीचा आणि संथ आहे. १९८५ मध्ये तो बंद पडला. तेव्हाच पाडून टाकला असता तर कुणी फारसं काही म्हटलंही नसतं. पण तो उभा राहिला. पावसापाण्यात सडत का होईना, उभा राहिला. त्याच्यासाठी माणसं एकत्र आली, पैसे जमले, १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये तो पुन्हा धावला. चौदा वर्षं बंद राहून. १९०२ मधल्या माणसाला डब्यात बसून पोटात कसा गोळा येत असेल, हे जाणून घ्यायचं असेल तर दुसरा मार्ग नव्हता. फोटोत ते दिसत नाही, व्हिडिओत ते कळत नाही. ते अंगाला कळतं आणि अंगालाच लक्षात राहतं.

नोबेल्स या पार्कमधल्या फिनिक्स कोस्टरची गोष्ट मी जिथे जाईन तिथे सांगते. तो टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेला रॉकेट नावाचा कोस्टर. १९८० मध्ये पार्क बंद पडलं. कोस्टर तसाच उभा होता. मग पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्सच्या माणसांनी तो उतरवून घेतला, फळ्यांवर क्रमांक घातले आणि सगळं लाकूड दुसऱ्या राज्यात नेऊन पुन्हा उभं केलं. १९८५ पासून तो फिनिक्स नावाने धावतोय आणि जगातल्या उत्तम लाकडी कोस्टरमध्ये आजही त्याचं नाव घेतलं जातं. विचार करा, १९८० मध्ये कुणी घाईने क्रेन बोलावली असती तर? क्रमांक घालायला फळ्याच उरल्या नसत्या.

म्हणून आधी कळवण्याचा आग्रह आम्ही केवळ डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून धरत नाही. तुम्हाला नको झालेली राइड कुणाला तरी हवी असू शकते. एखाद्या पार्कला, एखाद्या संग्रहालयाला, एखाद्या शहराला. त्या माणसापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या सायक्लोनला तो वेळ मिळाला. १९२७ चा तो कोस्टर १९७० च्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी पाडायचं घाटत होतं. ते आधीच कळलं होतं, म्हणून लोक विरोधात उभे राहिले. १९७५ मध्ये डागडुजी होऊन तो पुन्हा सुरू झाला, १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला वारसा वास्तू ठरवलं. त्याच किनाऱ्यावर १९२५ चा थंडरबोल्ट होता. १९८२ पासून बंद, वेलींनी वेढलेला, पण उभा. नोव्हेंबर २००० मध्ये एका सकाळी शहराच्या यंत्रणेने तो पाडला. त्या पाडकामाला पुरेसं कारण नव्हतं, असा कौल ज्युरीने पुढे २००३ मध्ये दिला. कौल मिळाला, थंडरबोल्ट काही मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, उभा ठेवूनही सगळे वाचत नाहीत. बरोबर आहे. ओहायोतल्या जिओगा लेकचा बिग डिपर १९२५ चा. सप्टेंबर २००७ मध्ये हंगाम आटोपल्यावर पाच दिवसांनी राइडचं सगळं पार्कच कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. बिग डिपर नऊ वर्षं झाडाझुडपांत उभा होता. वाचवायचे प्रयत्न झाले, जमलं नाही, २०१६ मध्ये तो पाडला. त्याचं वाईट वाटतं. पण प्रयत्न करायला मिळाला होता. आमच्या राइडच्या बाबतीत प्रयत्न करायचा होता हेसुद्धा आम्हाला सपाट मातीकडे बघताना समजलं.

"राइड जुनी झाली होती," हे उत्तर आम्हाला प्रत्येक वेळी मिळतं. पोलादी राइडच्या बाबतीत मी ते समजू शकते. लाकडी राइडच्या बाबतीत मात्र ते पूर्ण उत्तर नाही, आणि हे तुमच्या सुतारांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. लाकडी रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्यांचे थर आणि वर चाकासाठी पोलादी पट्टी. रोज सकाळी पहिला डबा सुटण्याआधी माणसं त्या रुळावरून पायी चालत जातात, सैल झालेले बोल्ट आवळतात, लाकडाला कान लावल्यासारखं सगळं तपासतात. बंद हंगामात कुजलेला भाग काढून नवा बसवतात. असं दरवर्षी होत राहिलं तर शंभर वर्षांच्या कोस्टरमध्ये पहिल्या दिवशीचं लाकूड थोडंच उरतं, आणि तरीही तो तोच कोस्टर असतो. मेलबर्नच्या लूना पार्कातली सीनिक रेल्वे १९१२ पासून धावते आहे. कोपनहेगनच्या टिवोली उद्यानातला 'रुत्शेबाने' नावाचा लाकडी कोस्टर १९१४ चा. दोन्हींच्या गाडीवर आजही ब्रेक ओढणारा माणूस असतो. वेग किती ठेवायचा, कुठे आवरायचं, हे तो हाताने ठरवतो. ही माणसं आणि हे लाकूड शंभर वर्षं टिकू शकतं, कारण त्याच्याकडे कुणीतरी रोज बघतं.

ते बघणं कमी झालं की आम्हाला कळतं. अगदी डब्यात बसल्या बसल्या कळतं. आमच्या राइडच्या तिसऱ्या उतारानंतर डावीकडे एक हलका धक्का बसायचा. दरवर्षी तो तेवढाच असायचा. गेल्या तीन-चार हंगामांत तो वाढत गेला, मग पाठीला लागू लागला. चढणीवरची खटखटसुद्धा बदलली होती. ती खटखट म्हणजे साखळी तुटलीच तर डबा मागे घसरू नये म्हणून खाचेत पडत जाणारा खटका. वर जाताना तो आवाज ऐकला की आपल्याला कुणीतरी धरलंय असं वाटतं, म्हणून मी तो मोजायचे. लहानपणी मोजायचे, मोठी झाल्यावरही मोजत राहिले. म्हणून आम्हाला एवढंच सांगा, राइड जुनी झाली की तिच्यावरचा हात आखडता घेतला गेला? दुसरं असेल तर ते कबूल करा. आम्ही रागावू, पण निदान खरं ऐकून रागावू.

नीट निरोप देता येतो, हे तुमच्यातल्याच काहींनी दाखवून दिलं आहे. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कने १९८० चा कॉर्कस्क्रू कोस्टर २००८ मध्ये बंद केला तेव्हा शेवटचा दिवस आधी जाहीर केला, लोक लांबून आले, आणि त्या कोस्टरचा उलटा पिळा पुढे पार्कच्या प्रवेशाशी उभा केला. अमेरिकेतल्या किंग्ज आयलंड पार्कने २०१९ मध्ये व्होर्टेक्स कोस्टर काढायचं सप्टेंबरच्या अखेरीस जाहीर केलं आणि शेवटची फेरी ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. एक महिना. फार काही नाही, पण त्या एका महिन्यात ज्यांना यायचं होतं ते आले. दुरुस्ती अशक्य असेल तर नव्याने घडवताही येतं. १९९४ च्या नेमेसिस कोस्टरचा रूळ ऑल्टन टॉवर्सने बदलायचं ठरवलं तेव्हा तसं आधी सांगून तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला आणि २०२४ मध्ये परत सुरू केला. लोकांनी वाट पाहिली.

आधी सांगितलं तर गर्दी उसळेल, लोक सह्या गोळा करतील, बोल्ट आणि पाट्या उचलून नेतील, नव्या राइडच्या घोषणेवर पाणी पडेल, ही तुमची भीती मला माहीत आहे. सह्या होतील, हे खरं आहे. १९९८ मध्ये बंद झालेली, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली मिस्टर टोड नावाच्या बेडकाची मिस्टर टोड्स वाइल्ड राइड जाणार असं कळल्यावर लोक टोडचे शर्ट घालून राइडपाशी जमले होते. राइड तरीही गेलीच. पण पुढे तिच्या जागी आलेल्या राइडमध्ये एक तसबीर लावली गेली, ज्यात टोड त्या जागेची कागदपत्रं नव्या मालकाच्या हाती देतोय. एका चौकटीत मावेल एवढीच आठवण. ती बघायला आजही लोक मान वळवतात. एवढ्याशा गोष्टीने लोक शांत होतात, आणि तुम्ही तेवढंही करायला घाबरता?

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. राइड कायमची बंद करायचं ठरलं की किमान एक महिना आधी लोकांना सांगा, आणि लोकांच्या आधी तिच्यावर काम करणाऱ्यांना सांगा. काकांसारख्या माणसाला ही बातमी पत्र्याच्या कुंपणाने कळू नये. सुरक्षिततेसाठी अचानक थांबवावी लागली तर थांबवा, पण लगेच पाडू नका. एक हंगाम ती उभी राहू द्या आणि कुणाला हवी आहे का ते उघडपणे विचारा. पाडायचीच झाली तर आधी मोजमापं घ्या, नकाशे जपा, चढणीचा आवाज नोंदवून ठेवा. टेक्सासमधल्या प्लेनव्ह्यू इथे रोलर कोस्टरचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स ही चाहत्यांची संघटना १९७८ पासून जुन्या कोस्टरच्या जतनासाठी झटते आहे. डबे कुठे पाठवायचे हे कुणी विचारलं तर सांगणारी माणसं आहेत.

आणि ज्यांनी आमची राइड पाडली त्यांना वेगळं विचारते. तुम्ही हे वाचाल अशी आशा आहे. डबे गेले असतील, लाकूडही गेलं असेल. पण ती उंचीची पट्टी कुठे आहे? हिरव्या रंगाची, रेघेच्या जागी हात घासून घासून रंग उडालेला आणि खालचं लोखंड चकाकणारं. ती अजून एखाद्या गोदामात पडून असेल तर भंगारात देऊ नका. आम्ही स्वखर्चाने येऊन घेऊन जाऊ. माझी भाची आता त्या रेघेच्या वर गेली आहे, आणि तिला ती एकदा पट्टीला पाठ लावून काकांना दाखवायची आहे.

आपली,
त्या राइडच्या रांगेतली एक जुनी प्रवासी